शेवंताचा कोरा गोल

शेवंता चांगली बाई होती असं आता सगळे म्हणतात. ती जिवंत असताना असं म्हणणारं एकही माणूस मला आमच्या वस्तीत भेटलं नाही. मीही म्हणत नव्हते. शेजारीण म्हणून ती तापदायक होती. सकाळी तव्यावर भाकरी असली की नेमकी दारात येऊन उभी राहायची. "आक्का, पाणी उकळलं का?" हो म्हटलं तरी आत यायची आणि पातेल्याला हात लावून बघायची. चटका बसला तरच जायची.

आमची वस्ती दिंडोरी रस्त्यापासून आत, मळ्यांमध्ये आहे. गाव ओढ्याच्या पलीकडे. ग्रामपंचायत तिकडे, रेशनचं दुकान तिकडे, शाळाही तिकडेच. आमच्याकडे सुटी सुटी घरं, मधोमध पाण्याची टाकी आणि टाकीखाली फरशीचा ओटा. कोथिंबीर, मेथी, पालक, थोडा झेंडू. उजाडायच्या आत काढायचं, धुवायचं, जुड्या बांधायच्या आणि टेम्पोत घालून नाशिकला धाडायचं. प्यायचं पाणी आणि भाजी धुवायचं पाणी एकाच विहिरीचं. ती विहीर शेवंताच्या घरची. तिच्या सासऱ्यानं खणलेली आणि वस्तीला मोकळी करून दिलेली. म्हातारा जाऊन जमाना झाला. आता सगळे तिला दामूची विहीर म्हणतात. दामू म्हणजे शेवंताचा नवरा. माणूस वाईट नाही, पण विहिरीचा विषय निघाला की पाणी त्यानंच घडवल्यासारखा बोलायचा.

शेवंता रोज सकाळी त्या ओट्यावर रांगोळी काढायची. रांगोळी म्हटलं की वेली, कमळं डोळ्यांपुढं येतात. तसलं काही नाही. तिचा हात अगदी वाईट होता. रेशनचा गहू आला असला की ती गव्हाची ओंबी काढायची, तिला आम्ही शेपूट म्हणायचो. रेशन आलं नसलं की त्या शेपटीवर काट मारायची. नर्सबाई येणार असल्या की सुई. पंचायतीत सभा असली की सतरंजी, म्हणजे एक वाकडा चौकोन. आणि या सगळ्यांच्या शेजारी, जरा मोठा, एक गोल. तो विहिरीचा.

सरकारी आरोग्यसेवक मधूनमधून यायचा, बाटलीत विहिरीचं पाणी भरून तपासायला न्यायचा. त्याचा रिपोर्ट पंचायतीत यायचा आणि काचेच्या फळ्यात लागायचा. फळ्याला कुलूप. वाचायचं तर ओढा ओलांडून जायचं, उन्हात उभं राहायचं, आणि शिपायानं कागदावर कागद लावलेला असला तर नशिबाला दोष देत परत यायचं. शेवंता रोज पंचायतीच्या भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकाला, फोन करायची आणि ते सांगतील ते ओट्यावर आणायची. पाणी चांगलं असलं की गोलात हिरवा रंग. पावडर टाकायची गरज असली की पिवळा. प्यायचं नसलं की लाल. आणि रिपोर्ट आलाच नसला तर गोल कोरा. नुसती पांढरी कड.

"कोरा कशाला काढतेस?" मी एकदा विचारलं. "नसेल माहीत तर सोडून दे ना तेवढी जागा."

"सोडली तर लोकांना वाटंल सगळं बरं हाय. आपल्याला कळलं नाय, हे पण दिसलं पाहिजे."

माझ्या थोरल्या नातसुनेचा हात चांगला. तिला शेवंताच्या रांगोळीची दया आली. एकदा तिनं ओंबीशेजारी छान मोर काढला, पिसांत रंग भरला. शेवंता आली, बघितलं आणि पदराच्या टोकानं मोर पुसून टाकला.

"अहो काकू! किती छान आला होता!"

"आला होता खरा. पण रेशन आलं का नाय, ते मोरात कुठं दिसतं?"

नातसून आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. शेवंताच्या ते ध्यानातही आलं नाही. माणसं रुसली आहेत हे तिला सांगावं लागायचं.

रेशन दुकानदाराचंही तसंच. त्याची बहीण आमच्या वस्तीत दिलेली. तो तिच्याकडे आला आणि ओट्यावर काट मारलेली ओंबी बघून भडकला. "काकू, ही माझी बदनामी चाललीय."

"धान्य आलं का?"

"येतंय की. गाडी निघालीय."

"आलं का?"

"अहो, निघालीय म्हणतो ना!"

"निघालीय म्हणजे आलं नाय. मग काट बरोबर हाय."

त्यानं चपलेनं ओंबी फिसकटली आणि गाडीला किक मारून गेला. शेवंतानं तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत वाट पाहिली, मग पुन्हा ओंबी काढली, पुन्हा काट मारली. पुढच्या वेळी धान्य उतरलं तेव्हा त्याचाच फोन आला. "काकू, पोती आली. तेवढी काट पुसा." त्या दिवशी ती हसली. तिचं हसणं मोजून मापून होतं.

हे खूळ तिच्या डोक्यात कुठून आलं ते सांगितलं पाहिजे. शेवंता एकदा बायकांच्या राखीव जागेवरून पंचायतीत निवडून आली होती. सभेला दामू जायचा आणि सही ती करायची, सगळीकडे असतं तसंच. त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू तिच्याकडे होतं. मेंबरच्या घरचं हळदीकुंकू म्हणून वाण जोरात होतं, स्टीलच्या वाट्या. आम्ही सगळ्या नटूनथटून गेलो. पंचायतीचा शिपाई दारात कागद घेऊन बसलेला. म्हणाला, वाण कुणाकुणाला मिळालं त्याची नोंद ठेवायचीय, सही करा. आम्ही सह्या केल्या. नव्यानं सही शिकलेल्या दोघी-तिघींनी तर कौतुकानं वळणदार केल्या. मी चौथी शिकलेली, माझी सही तेव्हाही चांगली येत होती.

पुढं ग्रामसभा झाली. तेव्हाचे भाऊसाहेब वेगळे होते. त्यांनी वाचून दाखवलं, की गावाचा कचरा टाकायला ओढ्याच्या वरच्या अंगाला खड्डा करायचा, आणि या कामाला महिला सभेनं एकमतानं मंजुरी दिली आहे. कोणकोण हजर होतं त्यांची नावं वाचली. त्यात माझं नाव. शेवंताचं पहिलं. शेवंता त्या दिवशी कधी नव्हे ती सभेला आलेली, मागं बायकांत बसलेली. ती ताडकन उठली आणि ओरडली, "अहो, ते तर वाणाचं होतं!"

सगळी सभा हसली. पुरुष हसले, पोरं हसली, दामू मान खाली घालून हसला. भाऊसाहेबही हसले आणि म्हणाले, "ताई, सही तुमचीच ना?" खड्डा झाला. आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या काठाला.

दुसऱ्या दिवशी शेवंता टाकीपाशी आली आणि तिनं ओट्यावर ओढा काढला, विहीर काढली, आणि ओढ्याच्या वर एक काळा ठिपका काढला. कोळशानं. कुणी विचारलं की सांगायची, "हा खड्डा. आपण मंजूर केलाय." बायका चिडायच्या. आपण कुठं केलाय? ती म्हणायची, "वाटी घरात हाय ना? मग केलाय." पुढं मेंबरकी संपली, पण सकाळची रांगोळी राहिली. तिच्या घरी पुन्हा हळदीकुंकू झालं नाही.

एवढं झालं तरी ती बोलणारी बाई नव्हती. भाषण तिला येत नसे. स्वतःचं मत तर ती ओट्यावर कधीच आणायची नाही. सरपंच कसा आहे, कोण खातो, कोण पितो, यावर वस्तीतल्या सगळ्या बोलायच्या, ती नाही. पदर डोक्यावरून ढळू द्यायची नाही, नवऱ्याचं नाव घ्यायची नाही, सासऱ्याचं तर त्याहून नाही. म्हातारा मेल्यावरसुद्धा "आमचे मामंजी" एवढंच. त्या घरात कुणीच त्याचं नाव काढायचं नाही. दामू "बाबा" म्हणायचा, पोरं "थोरले बाबा". हे मी मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढं याच गोष्टीनं घोळ घातला.

मागच्या वर्षी पाऊस सरता सरता माझ्या सुनेचे, सुनंदाचे, डोळे पिवळे झाले. दोन घास खाल्ले की उलटी. डॉक्टरनं कावीळ सांगितली. मग खालच्या मळ्यातला एक, मग टाकीमागच्या घरातले दोघं. आरोग्यसेवक आला, विहिरीतून बाटली भरून घेऊन गेला. शेवंतानं ओट्यावर गोल काढला. कोरा.

दुसऱ्या दिवशी कोरा. तिसऱ्या दिवशी कोरा. नंतर मी मोजायचं सोडून दिलं.

हंडा कमरेवर घेऊन मी कोपऱ्यावर थांबायची, आधी लांबून गोल बघायची. लाल असता तर आम्ही बोंब मारली असती, टँकर मागितला असता. हिरवा असता तर घटाघटा प्यायलो असतो. कोऱ्याचं काय करायचं? निम्मी वस्ती पाणी उकळायची, निम्मी म्हणायची गॅस काय फुकट येतो का. उकळणारे न उकळणाऱ्यांकडे चहा पीत नसत. सख्ख्या जावाजावांत त्यावरून वाजलं. भाजीचं तर काय, त्याच पाण्यात बुडवून आम्ही कोथिंबीर नाशिकला धाडत होतो आणि त्यावर कुणीच काही बोलत नव्हतं. मीसुद्धा नाही.

आणि त्याच सुमारास शेवंताची लेक कल्पना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. दिलेली चांदवडला, कांद्याच्या घरात. पोट चांगलं मोठं दिसत होतं. गोल पहिल्यांदा कोरा राहिला त्याच दिवशी शेवंतानं कल्पनाची पिशवी भरली आणि जावयाला फोन केला, घेऊन जा म्हणून.

वस्तीत हे कधी झालं नव्हतं. लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली, तिला आईनं परत सासरी धाडायचं? दामूनं अंगणात थयथयाट केला. "लोकं काय म्हणतील? दामूच्या घरात लेकीला पाणी पाजायची ऐपत नाय?"

"पाणीच तर नाय," शेवंता म्हणाली.

कल्पना दारातल्या पायरीवर बसून रडत होती. मी शेवंताला बाजूला घेतलं. म्हटलं, "अगं, उकळून पाज तिला. एवढ्यासाठी लेकीला कुणी घालवतं का?"

"उकळून पाजीन, आक्का. पण ती सकाळी चूळ भरंल, तवा मी तिथं असंन का? नर्सबाई म्हणाल्या, पोटुशीला ही कावीळ झाली तर दोन्ही जीव जातात."

"अजून तर काहीच कळलेलं नाही!"

"म्हणून तर."

कल्पना गेली. आम्ही सगळ्यांनी शेवंताला दगड ठरवलं. मी तिच्या तोंडावर ठरवलं.

मग सरपंचाचा माणूस आला. गोड बोलणारा. "काकू, तो गोल कोरा नका ठेवू. लोक घाबरतात. व्यापाऱ्यांच्या कानावर गेलं तर भाजी कोण घेईल? तुमचीच भाजी, तुमचीच विहीर."

"मग रिपोर्ट द्या."

"अहो, आला की देऊच. तवर हिरवा भरा. पाणी चांगलंच असणार, पिढ्यान् पिढ्या पितोय आपण."

"चांगलं असंल. मला कुणी सांगितलंय का चांगलं हाय म्हणून?"

तो गेल्यावर मी विचारलं, "तुला काय वाटतं गं? खरं सांग. लाल?"

तिनं गोलाकडे बघितलं. "मला वाटतं ते काढायची ही जागा नाय," म्हणाली.

आताचे भाऊसाहेब तरुण आहेत, त्यांच्याकडे बरीच गावं. फोनवर रोज तेच. आला नाही काकू, बघतो काकू, आज मीटिंगला आहे काकू. वस्तीतली एक कॉलेजातली पोरगी आहे, शीतल. शेवंतानं तिला सांगून ठेवलेलं, की सरकारच्या साइटवर रिपोर्ट टाकतात म्हणे, तर तू रोज मोबाइलवर बघत जा. शीतल बघायची. गावाचं नाव टाकलं की साइट विहिरीचं नाव मागायची; वस्तीच्या नावानं बघितलं, दामूच्या नावानं बघितलं. काही सापडत नव्हतं. शेवंता तिच्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकवायची. वाचता येत नसल्यासारखं बघायची, खरं तर तिला येत होतं.

तिचं जेवण तुटलं. हातात रंगाच्या तीन पुड्या घेऊन बसायची. झोप लागत नाही म्हणाली. मी म्हटलं, कशाला जीव जाळतेस, तूच काय वस्तीची मालकीण आहेस का. ती म्हणाली, "पहिली सही माझी होती."

मग एक दिवस ती सकाळीच गोल काढून गावात गेली. कोराच काढला होता, मी बघितला होता. फोनवर भागत नाही म्हणून भाऊसाहेबांना ऑफिसच्या दारात गाठायचं होतं. ती परत आली तेव्हा टाकीपाशी जत्रा होती. बायका हंड्यावर हंडे भरत होत्या, पोरं नळाला तोंड लावून पीत होती. कुणीतरी लांबूनच ओरडलं, "शेवंताकाकू, आला बाई एकदाचा रिपोर्ट!"

"कुठं आला?"

"हा काय! तुम्हीच तर हिरवा भरलाय!"

शेवंता पुढं आली. गोल हिरवागार होता. ती उकिडवी बसली आणि बघत राहिली.

"हा मी नाय भरला," ती म्हणाली. "मी काठाला लागू देत नाय."

ते खरं होतं. तिचा रंग कधी कडेपर्यंत जायचा नाही, मधेच संपायचा. हा मात्र अगदी काठोकाठ, नेटका भरलेला. नळाखालचा हंडा भरून वाहायला लागला तरी कुणी नळ बंद केला नाही. मग एकेक बाईनं आपल्या पोराला नळापासून ओढलं. एकीनं हंडा ओतून दिला. शेवंतानं दोन्ही हातांनी हिरवा रंग खरवडून काढला, आणि ओरडत घराघरांत गेली, "पिऊ नका, उकळा, पिऊ नका." इतक्या मोठ्यानं ओरडताना मी तिला ग्रामसभेनंतर पहिल्यांदाच ऐकलं.

घरी दामू खाटेवर बसलेला. मी तिच्या मागोमाग गेले होते. त्यानं हात मांडीखाली घेतले, तेव्हा मला दिसलं. नखांत हिरवं होतं.

मला वाटलं ती त्याला बोलेल. तिनं एवढंच विचारलं, "कुणाकुणाला सांगितलं?"

त्यानं खाटेखालची चप्पल पायानं पुढं ओढली.

"अहो, मी विचारते, कुणाकुणाला सांगितलं?"

"जावयाला," दामू म्हणाला. "फोन केला. म्हटलं झाली विहीर हिरवी, पोरीला घेऊन या." आणि मग तो रडायला लागला. "माझी पोरगी मला घरात पाहिजे. पहिलं बाळंतपण हाय तिचं."

शेवंता निघालीच. अनवाणी. मी चपला शोधेपर्यंत ती वळणावर गेलेली. आमचा मातीचा रस्ता जिथं डांबरी रस्त्याला लागतो तिथं ती जाऊन उभी राहिली. मी पोचले तेव्हा माझा श्वास उरला नव्हता. उभं राहून राहून माझे पाय भरून आले. ती प्रत्येक गाडीकडे बघत होती आणि हातांना लागलेला हिरवा रंग लुगड्याला पुसत होती.

जावयाची कांद्याची पिकअप आली. कल्पना पुढं बसलेली, मांडीवर पिशवी. आईला बघून तिचा चेहरा उजळला. मला ते अजून दिसतं. तिनं दार उघडायला हात घातला आणि शेवंतानं बाहेरून दार दाबून धरलं.

"उतरू नको."

"आई?"

"मामी, मामांचा फोन आला होता," जावई म्हणाला. "रिपोर्ट चांगला आला म्हणाले."

"रिपोर्ट आला नाय. त्यांनी रंग भरला."

"म्हणजे पाणी खराब हाय का?"

"ते बी माहीत नाय. माघारी न्या तिला."

कल्पना आतून दार लोटत होती, शेवंता बाहेरून. पोटुशी बाई आणि तिची आई. मी मधे पडायला पाहिजे होतं की नाही, मला कळलं नाही.

"आई, मी माझ्या घरी येऊ नको का?"

"नको."

जावयानं गाडी वळवली. कल्पना काचेतून म्हणाली, "आता बोलावलंस तरी यायची नाय मी." गाडी गेली तरी शेवंताचा हात दार धरल्यासारखा पुढंच राहिला होता. मी म्हटलं, "चल." ती म्हणाली, "चला, पण घरी नाय. नाशकाला."

तशीच अनवाणी ती माझ्याबरोबर रिक्षात बसली. नाशिकला पाणी तपासायचं सरकारी ऑफिस आहे. तिथं विचारत विचारत गेलो. टेबलाशी एक तरुण होता, बरा मुलगा, बसा म्हणाला. शेवंतानं गावाचं नाव सांगितलं. त्यानं बघितलं. "या गावाचे रिपोर्ट तर कधीच गेलेत की, आजी. पंचायतीलाही गेलेत. आणि साइटवर तर सगळ्यांसाठी खुलेच असतात."

"आम्ही बघितलं. नाय दिसलं."

"विहिरीचं नाव काय?"

"दामूची... आमचीच विहीर हाय. घरची."

"दामू नावानं काही नाही. सरकारी नोंदीत ज्या नावानं आहे ते सांगा. ज्यानं विहीर दिली त्याचं नाव असेल."

शेवंतानं पदर डोक्यावर पुढं ओढला. तिनं माझ्याकडे बघितलं. मी सांगू शकले असते, म्हाताऱ्याला मी चांगली ओळखत होते. पण तिनंच तोंड उघडलं. लग्न होऊन आल्यापासून जे नाव तिनं एकदाही घेतलं नव्हतं, शीतललाही सांगितलं नव्हतं, सांगावं हे सुचलंही नव्हतं, ते तिनं त्या परक्या पोरापुढं घेतलं. "कोंडाजी," म्हणाली.

"हा बघा," तो म्हणाला आणि कॉम्प्युटर आमच्याकडे फिरवला.

सगळ्यांना दिसणारी गोष्ट होती. कितीतरी दिवस तिथं पडून होती. पाणी पिण्यास अयोग्य.

तिनं विचारलं, "म्हणजे लाल?"

"लाल," तो म्हणाला.

परतताना ती एकच वाक्य बोलली. "खुलं होतं म्हणे."

वस्तीत आल्याबरोबर तिनं ओटा झाडला, गोल काढला आणि स्वतःच्या विहिरीला लाल रंग भरला. सगळे बघत उभे होते. दामूही. या खेपेला तिनं रंग काठापर्यंत नेला. मग शेवंता म्हणाली, "रिपोर्ट मामंजींच्या नावावर होता. मी नाव घेतलं असतं तर आधी कळलं असतं."

पुढचं सोपं नव्हतं. टँकर आला, पण भाजी धुवायला पुरायचा नाही. आमची कोथिंबीर मळकी दिसायची आणि व्यापारी नाक मुरडायचे. लोकांनी शेवंताला शिव्या घातल्या, दामूनं तिच्याशी बोलणं टाकलं. सरपंच म्हणाला, साइटवर होतं ना, मग आम्ही लपवलं कुठं? सुनंदा हळूहळू उठून बसली. त्यानंतरची ग्रामसभा मात्र बघण्यासारखी झाली. आम्ही बायका खरोखर जाऊन बसलो. शिपाई कागद घेऊन आला तेव्हा पहिल्या बाईनं विचारलं, "कशाची सही?" दुसरीनं तेच विचारलं, तिसरीनं तेच. शेवटी भाऊसाहेबांनी उभं राहून ठराव दोनदा मोठ्यानं वाचला, मगच आम्ही सह्या केल्या. खड्ड्यातला कचरा तिथून उचलायचा ठराव होता. उचलला. विहीर उपसली, पावडर टाकली, आणि आरोग्यसेवक पुन्हा बाटली भरून घेऊन गेला.

कल्पना चांदवडला बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप. पण ती म्हणाल्याप्रमाणे आली नाही आणि फोनही दामूच्या मोबाइलवर करायची. मग एक दिवस तिनं शेवंताला फोन केला. मी शेजारीच जुड्या बांधत होते. एवढंच ऐकू आलं, "हिरवा झाला की सांग. पण तुझ्या हातचा झाला तरच येईन." शेवंतानं फोन ठेवला आणि उगाच बराच वेळ मेथी निवडत बसली.

तो रिपोर्ट आला तेव्हा शेवंता नव्हती. हृदय बंद पडलं, कुणाला काही करायला मिळालं नाही. रिपोर्ट हिरवा होता. कल्पना आली, लेकीला घेऊन. गोल कुणी भरला ते मी सांगत नाही, रडारड मला आवडत नाही. आता शीतल काढते, तिचा हात चांगला आहे. आणि कल्पना इकडे यायची असली की आधी मला फोन करते, "आक्का, आज कुठला रंग हाय?"

मला शेवंता आठवते ती, ती गेली त्याच्या आदल्या दिवसाची. सकाळ होती, मी हंडा घेऊन गेले. ती ओट्यावर उकिडवी बसलेली, कानाला फोन. पांढरी कड काढून झालेली. गोल कोरा. शेजारी तीन पुड्या, त्यांतली हिरवी नवी कोरी, भरलेली, तोंड सोडून ठेवलेली. पलीकडून भाऊसाहेब काहीतरी सांगत होते आणि ती "बरं, बरं" म्हणत होती. तिनं फोन खाली ठेवला. हिरव्या पुडीकडे एकदा बघितलं. मी म्हटलं, "भर की गं. उपसलीय, पावडर टाकलीय, आता कुठं खराब निघणार? लेक तरी येईल."

तिनं हिरव्या पुडीचं तोंड पिळून बंद केलं आणि मान वर करून माझ्या हंड्याकडे बघितलं.

"आक्का, कालचं पाणी उकळलं का?"

"उकळलं बाई."

"मग जा," ती म्हणाली, आणि भाऊसाहेबांना पुन्हा फोन लावला.